साठ टक्क्यांची सून

सरकारी अनुदानाच्या हिशेबात आमच्या घरात सगळ्यात जास्त भाव मला आहे. सासरे, नवरा, दीर तिघंही कळायला लागल्यापासून पाण्यात आणि मासळीत. पण प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत त्यांच्या नावाने अर्ज टाकला तर ठरवून दिलेल्या खर्चाच्या ४० टक्के अनुदान मिळतं. तोच अर्ज माझ्या नावाने गेला तर ६० टक्के. मी भुसावळची, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन इंदूरला आले. तापीच्या काठावर वाढले खरी, पण जाळं फेकायला मला आजही येत नाही. तरी भाव माझाच, कारण मी बाई आहे.

योजनेत ६० टक्के मिळतात ते अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला यांना. बाकी सगळे ४० मध्ये. आम्ही भोई. मध्य प्रदेशात भोई, ढीमर, कहार, केवट हे सगळे ओबीसीत मोडतात. 'माझी' नावाची जमात तेवढी अनुसूचित जमातीच्या यादीत आहे. आम्हालाही त्या यादीत घ्या, ही मागणी इथे निवडणूक जवळ आली की हमखास कानावर येते. तोवर चार पिढ्या मासेमारी करणारा आणि हाती पैसा आहे म्हणून शेतात तलाव खोदून पंगास मासा वाढवणारा, दोघंही त्याच ४० टक्क्यांच्या रांगेत. मला हे पटत नाही. पण न पटणाऱ्या नियमातूनही वाट काढावी लागते, म्हणून घरात ठरलं की अर्ज सूनबाईच्या नावाने करायचा.

अर्ज कशासाठी, तर बर्फपेटी बसवलेल्या मोटारसायकलसाठी.

सासूबाई वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला घमेलं आणि विळी घेऊन बसायच्या. सकाळी घाऊक बाजारातून रोहू, कतला उचलायचा, दुपारपर्यंत विकून मोकळं व्हायचं. हंगामात दीर तलावावरून ताजी मासळी पाठवायचा, तिला दोन पैसे जास्त मिळायचे. डिसेंबर २०२३ मध्ये भोपाळला नवं सरकार आलं आणि पहिल्याच दिवशी उघड्यावर मांस, मच्छी, अंडी विकण्यावर निर्बंधांचा आदेश निघाला. इंदूरचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर, त्यामुळे इथे रस्त्यावर बसणाऱ्याकडे आधीच बारीक नजर. आदेशानंतर जागा गेली. दुकान घ्यायचं तर पागडी परवडत नाही. घरोघरी नेऊन द्यायची, तर सासूबाईंचं वय आणि डोक्यावरची टोपली, दोन्ही जड. गाडीवर झाकलेली पेटी असेल तर मासळी उघड्यावर नाही, बर्फ टिकतो, आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाता येतं. दिराने कुठेतरी योजनेचं पत्रक पाहिलं होतं. त्यात बर्फपेटीची सायकल, मोटारसायकल, तीनचाकी, सगळं होतं.

पहिली पायरी नोंदणीची. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल व्यासपीठ सुरू केलं. मासे पकडणारा, वाढवणारा, विकणारा, जो तो आपल्या कामाप्रमाणे त्यावर नाव नोंदवतो आणि त्याला एक ओळख क्रमांक मिळतो. पुढच्या बहुतेक योजनांना हाच क्रमांक विचारतात. माझी नोंदणी कियोस्कवर पटकन झाली: आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंबाचा ओळख क्रमांक), बँक पासबुक, मोबाइलवर ओटीपी, संपलं. गाडी सासूबाईंपाशी येऊन अडली. त्यांच्या आधारला दिराचा जुना नंबर, जो कधीच बंद पडलेला. नंबर बदलायला अंगठा हवा. आणि अंगठा मशीनवर उमटेना. बर्फात हात, खवल्यांत हात, विळीच्या पात्यावर बोटं. तीस-चाळीस वर्षांत बोटांवरच्या रेघा पुसल्यात. कियोस्कवाला पोरगा म्हणाला, "अम्मा, हाथ पोंछ के लगाओ." त्यांनी पदराला पुसला, मग त्याने खोबरेल तेल लावून बघितलं, मग दुसरी बोटं. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. विळीच्या कामात ते एकच बोट बाहेर राहतं.

गंमत म्हणजे सरकारच्या कागदावर सासूबाई त्याआधीच होत्या, पण मच्छीवाली म्हणून नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आली तेव्हा त्यांना १० हजारांचं कर्ज मिळालं होतं, पथविक्रेत्या म्हणून. ते फेडलं, मग २० हजारांचं दुसरं. म्हणजे भाजीवाली, चणेवाली, मच्छीवाली सगळ्या एका यादीत, आणि ती यादी मत्स्य विभागाच्या यादीहून लवकर पोचली. शहरातल्या कोळणी-भोईणींचं हे असंच आहे. तलावावरचा माणूस मच्छीमार, बाजारात बसलेली त्याची बायको फेरीवाली.

नोंदणीसोबत अपघात विम्याची माहिती मिळाली. यात हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, आपल्या खिशातून काही जात नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यात भरती झालं तर २५ हजारांपर्यंत. वय १८ ते ७०. दिराचं आणि नवऱ्याचं नाव दिलं. सासरे सत्तरीच्या पुढचे, अजून पहाटे डोंग्यात बसतात, त्यांचं नाव बसेना. त्यांनी यावर फारसं मनावर घेतलं नाही. इथले सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, तेव्हाची त्यांची एक ठरलेली टिप्पणी आहे, तीच पुन्हा केली: "पाखरांची नोंद झाली, माणसांची होईल तेव्हा होईल."

जातीच्या दाखल्याचं वेगळंच. महाराष्ट्रात भोई भटक्या जमाती-ब मध्ये, माझा दाखला तिथला. इथे तो चालत नाही, आणि इथला काढायचा तर जात वडिलांकडून धरतात, वडील भुसावळला. लग्न झालेल्या बायकांना परराज्यात हा घोळ नेहमीचा. एरवी मी तहसीलच्या चकरा मारत बसले असते, पण महिला प्रवर्गाला जातीचा दाखला लागतच नाही. लागतं ते एवढंच, की आपण या धंद्यातले आहोत. त्यासाठी नोंदणीचा क्रमांक होता, आणि दीर ज्या मत्स्योद्योग सहकारी समितीचा सभासद आहे तिच्या अध्यक्षाने कुटुंब या व्यवसायात असल्याचं पत्र दिलं.

आता पैशाचं गणित. योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकलीचा खर्च ७५ हजार धरलाय. महिलेला त्याचे ६० टक्के म्हणजे ४५ हजार. त्यात केंद्राचे २७ हजार, राज्याचे १८ हजार. आपले ३० हजार. कागदावर छान दिसतं. पण हा दर योजना आली तेव्हाचा, २०२० मधला. मी शोरूममध्ये गेले तेव्हा साधी १०० सीसीची गाडीच विमा, नोंदणी धरून ८० हजारांच्या वर जात होती, पेटी आणि कॅरियर वेगळे. वरचे सगळे आपलेच. शिवाय अनुदान आधी मिळत नाही. गाडी घ्यायची, पेटी बसवायची, अधिकारी येऊन बघणार, फोटो काढणार, मग पैसे खात्यात. म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करायची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच अनुदान. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो इथेच गळतो. आमच्याच समितीतल्या दोघांनी कोटेशन आणलं, आकडा बघितला आणि फाइल तशीच घरी ठेवली.

मी पैसे जुळवले ते असे: थोडे आमच्या बचत गटातून शेकडा दोन रुपये महिन्याने, सासूबाईंच्या दुसऱ्या स्वनिधी कर्जातले उरलेले काही, आणि बाकी नवऱ्याने घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. उचल म्हटलं की व्यापाऱ्याचा हात वर. दिराच्या समितीचे बरेच सभासद अशाच उचलीत अडकलेत. व्यापारी जाळ्याला पैसे देतो, बोटुकली (तलावात सोडायची माशांची पिल्लं) आणायला पैसे देतो, आणि मग मासळी त्यालाच घालावी लागते, तो म्हणेल त्या भावाने.

यातून सुटायला दिराला किसान क्रेडिट कार्ड हवं होतं. हे प्रकरण माझ्या गाडीपेक्षा लांबलं, आणि अजून संपलेलं नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात हे कार्ड मच्छीमारांना खुलं झालं. २ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी, आणि वेळेवर फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे हातात ४ टक्के पडतं. व्यापाऱ्याच्या उचलीपुढे ४ टक्के म्हणजे फुकटच. दीर कागदाला घाबरतो, म्हणून मी सोबत गेले. कोणती बँक ते लिहीत नाही, सरकारी होती.

खिडकीवरच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "खसरा लाए हैं?" खसरा म्हणजे इथला सातबारा.

दीर म्हणाला, "साहब, अपन तो पानी पे काम करते हैं. पानी का कायका खसरा?"

"पानी का भी खसरा होता है," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. गावच्या तलावालाही महसुली दप्तरात खसरा नंबर असतो, आणि समितीच्या तलावाच्या भाडेपट्ट्यावर तो लिहिलेलाही होता. दुसऱ्या दिवशी पट्ट्याची प्रत घेऊन गेलो. तलाव देपालपूरकडच्या एका पंचायतीचा. राज्याच्या २००८ च्या मत्स्य धोरणानुसार असे तलाव १० वर्षांच्या पट्ट्याने देतात: १० हेक्टरपर्यंतचे ग्रामपंचायत देते, त्यावर १०० हेक्टरपर्यंतचे जनपद (म्हणजे तालुक्याची) पंचायत, आणि त्याहून मोठे, १,००० हेक्टरपर्यंतचे, जिल्हा पंचायत. पट्टा देताना पिढीजात मच्छीमारांच्या समित्यांना आधी विचारायचं असतं. इथपर्यंत सगळं नीट. पण पट्टा समितीच्या नावाने, दिराच्या नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात लिहिलंय की कार्ड घेणाऱ्याकडे तलाव, टाकं किंवा पाणी मालकीचं वा पट्ट्याचं हवं. समितीकडे पट्टा आहे, समितीला कर्ज नकोय. दिराला कर्ज हवंय, दिराकडे पट्टा नाही.

मी विचारलं, मग सभासदांना कार्ड कसं द्यायचं म्हणून योजना काढली? मॅनेजर माणूस चांगला होता, वैतागलेला होता. म्हणाला, मत्स्य निरीक्षकाकडून पत्र आणा की हा सक्रिय सभासद आहे, याच्या वाट्याला अंदाजे किती पाणी येतं, आणि जिल्ह्याने ठरवलेल्या दराप्रमाणे त्याला किती खर्च येतो. पत्र आणलं. निरीक्षकाने स्वतः सभासदांची यादी तपासून लिहून दिलं, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. मग मॅनेजरने पट्ट्याची शेवटची तारीख बघितली. वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. कार्ड पाच वर्षांचं असतं. "पट्टा रिन्यू हो जाए, तब आ जाना."

पट्टा पुन्हा मिळेल की नाही हे पंचायतीत कोण निवडून येतं त्यावर. म्हणजे दिराचं ४ टक्क्यांचं कर्ज सरपंचाच्या निवडणुकीला बांधलेलं. मला वाटतं मच्छीमारांच्या योजनांचं मुख्य दुखणं हेच आहे. शेतकऱ्याची जमीन त्याच्या नावावर असते, निदान बापाच्या तरी असते. मच्छीमाराचं पाणी कधीच त्याच्या नावावर नसतं, आणि सगळे अर्ज मात्र शेतकऱ्याच्या अर्जावरून उतरवलेले.

असो. माझ्या फाइलकडे येते. कार्यालयात छाननी करताना एका बाबूने विचारलं, "गाडी चलाएगा कौन?" मी म्हटलं, मी. त्याने लायसन्स मागितलं. माझं लायसन्स बिनगिअरच्या स्कूटीचं. बाईच्या नावावर गाडी आणि हँडल नवऱ्याच्या हातात, अशी प्रकरणं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. त्याचा संशय चुकीचा नव्हता. नियमात असं काही लिहिलेलं मला सापडलं नाही, पण वाद घालण्यापेक्षा शिकणं सोपं. नवऱ्याच्या मित्राची गाडी घेऊन सुपर कॉरिडॉरवर सकाळी सकाळी गिअरचा सराव केला आणि नायता मुंडल्याच्या आरटीओत जाऊन परीक्षा दिली. आठच्या आकड्यात गाडी फिरवताना पाय टेकला नाही. सासूबाईंनी त्या दिवशी वाम केली होती, खोबरं-लसणाच्या वाटणाची.

मंजुरी जिल्हा समितीत होते, तिची बैठक कधी लागेल हे कुणी सांगत नाही. लागली, नाव आलं. मग गाडी घेतली, मागे वेल्डरकडून लोखंडी कॅरियर करून घेतलं. पेटीबद्दल थोडं सांगते, कारण घेणाऱ्याला उपयोग होईल. थर्माकोलच्या खोक्यावर पैसे घालवू नका, महिन्यात कोपरे झडतात आणि वास बसतो. जाड भिंतीची, आत फोम भरलेली पेटी घ्या, आणि तळाला बुचाचं भोक आहे ना ते बघा. वितळलेलं पाणी सोडलं नाही तर खालची मासळी त्यात भिजून मऊ पडते, गालफडं पांढरी होतात, गिऱ्हाईक बोट लावून परत ठेवतं. तळाला बर्फाचा चुरा, त्यावर मासळी पोट खाली करून, परत बर्फ. उन्हाळ्यात मासळीइतकाच बर्फ लागतो, त्यात काटकसर चालत नाही. पेटी भरली की गाडी मागून जड होते, चढावर पुढचं चाक हलकं लागतं. पहिले काही दिवस राजवाड्याच्या गर्दीत मी पायाने ढकलतच जायची.

अधिकारी आले, पेटीवर योजनेचं नाव रंगवून घ्यायला लावलं, मला गाडीशेजारी उभं करून जागेच्या खुणेसह फोटो काढला. सासूबाईंना पण फोटोत यायचं होतं. "लाभार्थी अकेली," असं सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या, पण पेटीवरचा हात काढला नाही, तो फोटोत आलाय.

अनुदान यायला वेळ लागला. आधी थोडे आले, उरलेले बऱ्याच दिवसांनी. तोपर्यंत बचत गटाचं व्याज चालूच. व्यापाऱ्याची उचल मात्र मी पहिल्या रकमेतूनच फेडली.

धंदा कसा आहे? पावसाळ्यात मंद. १६ जून ते १५ ऑगस्ट मासळी अंड्यावर असते म्हणून राज्यात बंद ऋतू. नदी आणि नदीशी जोडलेल्या पाण्यात मासेमारी केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजार दंड, किंवा दोन्ही. नियम योग्यच आहे, अंड्याची मासळी मारली तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? पण त्या दोन महिन्यांत दिराच्या घरात काय शिजणार, यासाठी जी बचत-सह-राहत योजना आहे तिचा आकडा ऐका: मच्छीमाराने वर्षभरात १,५०० भरायचे, सरकार ३,००० घालतं, आणि महिन्याला १,५०० असे तीन हप्ते परत मिळतात. म्हणजे सरकारचे निव्वळ तीन हजार. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं, समितीचं सभासद असावं लागतं, वय ६० च्या आत असावं लागतं. दीर भरतो. त्या काळात मी आंध्रहून बर्फात येणारा रोहू विकते. गिऱ्हाइकं विचारतात, "तालाब का है?" मी खरं सांगते. काही घेतात, काही ऑगस्टपर्यंत थांबतात.

आता जाऊबाईंनी अर्ज केलाय, दिराची बायको. योजना मुळात २०२४-२५ पर्यंतच होती, ती एक वर्ष वाढवून २०२५-२६ पर्यंत केली, त्यामुळे घाई आहे. त्यांचं कोटेशन उन्हाळ्यातलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, गाडी स्वस्त झाली, आणि कार्यालयाने जुन्या भावाचं कोटेशन परत केलं. कधी नव्हे ते आकडा कमी झाला म्हणून फाइल अडली. सोमवारी शोरूमला जाऊन नवीन आणायचंय. लायसन्सची काळजी नाही, त्या आठवीपासून बापाची राजदूत चालवतात.